बाठ्याची गाय, सोडणाचा कावळा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला बोलावयास सांगताना चालक भगिनींनी विषय दिला होता, 'टाकाऊतून टिकाऊ'. तो मी थोडा बदलून घेतला आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागते. ज्या वस्तूंविषयी मी बोलणार आहे त्यांतली एकही मला टाकाऊ वाटत नाही, आणि मुले त्यांतून जे करतात ते मुळीच टिकाऊ नसते. चार दिवसांत त्याला मुंग्या लागतात, आठव्या दिवशी पाय गळून पडतात. तेव्हा विषयाचे दोन्ही शब्द बाजूला ठेवून, अंगणात, रस्त्यावर, समुद्रकाठी जे सहज मिळते त्याचे प्राणी मुलांकडून कसे करवून घ्यावेत, एवढ्यापुरतेच बोलते. शेवटी मंडळापुढे एक सूचनाही ठेवावयाची आहे. ती सर्वांना रुचेल असे नाही.

माझे माहेर रत्नागिरीकडचे. १९५५-५६ च्या सुमारास आम्ही भावंडे लहान होतो. विकतचे खेळणे घरात असे ते एकच, लाकडी बाहुली, आणि तीही माळ्यावर. पण वैशाख लागला की आमच्याकडे गुरांचा मोठा कळप जमे. आंबा खाऊन झाला की त्याचा बाठा आम्ही राखेने घासून धूत असू, आणि माडाच्या हिराचे चार तुकडे खाली खोचले की गाय तयार. बाठा म्हणजे तुमच्या इकडची कोय. तिला शिंगे हवी असली तर बाभळीचे काटे, नाहीतर हिराचीच दोन टोके. शेपटीला सुंभाचा धागा. आमचा गोठा पडवीच्या कोपऱ्यात, विटांच्या दोन ओळींमध्ये असे. त्यात दावणी होत्या, पेंढा होता, आणि एक मारकी म्हैस होती. ती मारकी का, तर दादाने तसे ठरविले होते म्हणून.

एक गोष्ट त्या वयात आम्हांला कोणी शिकविली नव्हती, पण ठाऊक झाली होती. हापूसच्या बाठ्याला केसर कमी, तो घासला की गुळगुळीत होतो. त्याचा उंदीर छान होतो, पाडस होते. रायवळाच्या बाठ्याला मात्र जटा असतात. धुऊन वाळविला आणि उलट्या बाजूने विंचरला की त्याचे अस्वल होते, किंवा आयाळीचा घोडा. म्हणून पंगतीला हापूस असला तरी आम्ही मुले रायवळासाठी हटून बसत असू. मोठ्यांना वाटे, पोरांना चवच कळत नाही!

एका वर्षी मौज झाली. मृगाचा पाऊस पडला, पडवीत झड आली आणि गोठा भिजला. आठपंधरा दिवसांनी पाहतो तो एका गाईच्या पाठीतून तांबूस कोंब वर आलेला. पुढे त्याला पाने फुटली. गाय उभी आणि तिच्या पाठीवर झाड! आजीने ती तशीच उचलून परसात लावली. ते झाड पुढे मोठे झाले, पण आंबे आंबट निघाले, आणि घरात त्याचे नाव कायम 'गाईचा आंबा' असेच राहिले.

हे सगळे मी विसरून गेले. लग्न होऊन शहरात आले, दोन खोल्यांत संसार थाटला, आणि अंगण म्हणून जे काही होते ते गॅलरीत. आता जे सांगणार आहे ते सांगताना मला आजही थोडे अवघडल्यासारखे होते. पण ते वगळले तर बाकीच्या बोलण्याला अर्थ राहणार नाही.

१९८३ सालची गोष्ट. माझी मुलगी सात वर्षांची होती. शाळेत नैसर्गिक वस्तूंपासून प्राणी तयार करून आणण्याची स्पर्धा होती. तिने दोन दिवस खपून एक कावळा केला. नारळाच्या सोडणाचा एक काळपट तुकडा, त्याला चिंचेच्या शेंगेचे टरफल चोच म्हणून, आणि पायांना खराट्याच्या दोन काड्या. त्याची मान एका बाजूला कलंडलेली होती. मी ती सरळ करावयास गेले तेव्हा ती म्हणाली, "आई, असू दे. तो असाच बघतो." मला काही ते पटले नाही. शेजारणीच्या मुलाचा मोर मी पाहून आले होते, आणि त्या मोरापुढे हा कावळा म्हणजे केरात जाण्याजोगा. रात्री ती निजल्यावर मी बसले. अख्खा नारळ तासून हत्तीचे अंग केले, करवंटीचे डोके, सुंभ वळून सोंड, देशी बदामाच्या दोन मोठ्या पानांचे कान, बांबूच्या कामटीचे सुळे. रात्रीचा एक वाजला. सकाळी हत्ती पाहून घरातली सगळी माणसे वाहवा करू लागली. ती काही बोलली नाही. मुकाट्याने हत्ती घेऊन शाळेत गेली.

हत्तीला पहिले बक्षीस मिळाले. बक्षीस देणाऱ्या पाहुण्यांनी तिला प्रेमाने विचारले, "बाळ, ही सोंड कशी गं वळलीस?" आम्ही आया मागे बसलो होतो. ती खाली मान घालून उभी राहिली. पाहुण्यांना वाटले, लाजते आहे. घरी आल्यावर तिने प्रशस्तिपत्रक माझ्या हातात दिले आणि म्हणाली, "हे घे, तुझं." रागाने म्हणाली नाही हो, एखाद्याची पडलेली वस्तू उचलून द्यावी तसे म्हणाली. तो हत्ती आमच्या कपाटात पुष्कळ वर्षे होता. कोणी पाहुणे आले आणि कौतुक करू लागले, की ती लगेच सांगे, "तो आईनं केलाय."

कावळ्याचे काय झाले? तो मी हत्तीच्या गडबडीत डब्यामागे सारला होता. कधी केरात गेला ते कळलेही नाही. पण पुढे एकदा दुपारी मी खिडकीवर पोळीचा तुकडा ठेवला आणि कावळा आला. तुकडा उचलण्यापूर्वी त्याने मान वाकडी केली, एका डोळ्याने तुकड्याकडे पाहिले आणि मग दुसऱ्या बाजूला कलून माझ्याकडे पाहिले. कावळ्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. जवळची वस्तू नीट न्याहाळावयाची तर त्याला मान वळवावीच लागते. इतकी वर्षे मी कावळ्याला पोळी घालीत होते आणि सात वर्षांच्या मुलीने जे पाहिले होते ते मला दिसले नव्हते.

त्यानंतर काही वर्षांनी मी एका बालवर्गात शिकवू लागले, आणि वीस वर्षे ते काम केले. त्या काळात ताराबाई मोडकांचे लेखन वाचावयास मिळाले. ताराबाई (१८९२–१९७३) आणि गिजुभाई बधेका यांनी १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ काढला, हे तुमच्यापैकी पुष्कळ जणींना ठाऊक असेल. पुढे १९४५ मध्ये बोर्डीला आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर ताराबाईंनी आणि अनुताई वाघांनी जे काम केले ते गरिबांच्या आणि आदिवासींच्या मुलांत. माँटेसरीबाईंच्या पद्धतीची साधने महाग, ती तिथे परवडण्यासारखी नव्हती. म्हणून पाने, बिया, खडे, शंखशिंपले हेच साधन झाले. आपल्यातल्या काहीजणींना वाटते की हे पैसे नसल्यामुळे केलेले काम. मला तसे वाटत नाही. दुकानातल्या ठोकळ्यांचा संच सगळा एकसारखा असतो. दोन चिंचोके कधी सारखे नसतात, आणि मुलाला निवडावे लागते. तो निवडू लागला की पाहू लागतो.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. टेबलावर काही वस्तू मांडून ठेवल्या आहेत. मागच्या भगिनींना दिसत नसतील तर नंतर येऊन हाताळून पाहाव्यात.

शहरातल्या पुष्कळ आया मला म्हणतात, आमच्याकडे कुठे आलाय निसर्ग? अहो, रस्त्यावर गुलमोहर आहे. उन्हाळ्यात त्याच्या हातभर लांब, लाकडासारख्या शेंगा खाली पडतात. ती शेंग म्हणजे आयती मगर. जंगली बदामाची फळे फुटून वाळली की होडीसारखी दिसतात. दोन जोडली की पक्ष्याची उघडी चोच. कांचनाचे पान तर जन्मतःच फुलपाखरू. आपट्याचेही तसेच. दसऱ्याला सोने म्हणून वाटलेली पाने दुसऱ्या दिवशी कचऱ्यात जातात, त्यांतली चार मुलांसाठी वहीत दाबून ठेवावीत. पिंपळाचे पान दोनतीन आठवडे पाण्यात कुजत ठेवून, मग जुन्या दात घासण्याच्या कुंचल्याने हलक्या हाताने घासले की नुसती जाळी उरते. त्याचे चतुराचे पंख होतात. वास येतो, हे आधीच सांगते. भांडे गॅलरीत ठेवावे. समुद्रकाठी सुरूच्या बनात गेलात तर त्याची काटेरी बोंडे वेचून आणा. एवढीशी असतात, पण मातीच्या गोळ्याला एक खोचून नाक काढले की साळिंदराचे पिल्लू. शिंपले वेचताना मात्र थोडे थांबून पाहावे. माझ्या नातवाने मागे एक सुंदर शंख उचलून खिशात घातला आणि शंख चालू लागला. आत खेकडा राहावयास आला होता. मग त्याचे घर त्याला परत करावे लागले!

मातीचे काम सगळ्यांत जुने आणि मुलांना सगळ्यांत प्रिय. पोळ्याला कुंभार मातीच्या बैलजोड्या विकावयास आणतो, विदर्भात दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला मुले लाकडी बैल सजवून मिरवतात, कोल्हापूर-सांगलीकडे बेंदराला मातीचे बैल पूजतात. बैलजोडी विकत जरूर घ्या, कुंभाराचेही पोट आहे. पण त्याच्याकडूनच थोडी मळलेली मातीही मागून आणा. आपल्या कोकणातली तांबडी माती नुसती घेतली तर चिकटत नाही. भाताच्या खाचरातली चिकण माती हवी. गणपतीचा शाडू उरला असला तर उत्तम. मुलांची नेहमीची तक्रार अशी की बैलाचे पाय सुकल्यावर पडतात. पाय बारीक म्हणून ते आधी सुकून आक्रसतात, अंग जाड म्हणून ते ओलेच राहते, आणि सांध्याशी तडा जातो. यावर उपाय असा की पाय निराळे करून चिकटवू नयेत. एकाच गोळ्यातून चिमटीने ओढून काढावेत, आखूड आणि जाड ठेवावेत, आणि बैल उन्हात न ठेवता सावलीत वाळवावा. काही जोडावयाचेच असेल तर दोन्ही बाजूंना ओरखडे काढून पातळ मातीचे बोट लावावे, नाहीतर सरळ काडी घालावी.

या काडीवरून आठवले. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून बरीच वर्षे उत्खनन केले. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती निघाली. एका घराच्या जमिनीखाली मातीच्या डबीत एक शिर नसलेली बाईची मूर्ती आणि सोबत मातीचा बैल सापडला. मूर्तीच्या पोटाला भोक आणि बैलाच्या पाठीला भोक. मध्ये काडी घालून तिला बैलावर बसवीत असावेत. मी ते वाचले तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आमचा बाठ्यांचा गोठा आला. डिंकाची बाटली नव्हती तेव्हाही माणसाचे काही अडले नव्हते! माझ्या वर्गात डिंक कधी ठेवलाच नाही. डिंक वाळेपर्यंत मूल थांबत नाही, आणि मग आईला मदतीला जावे लागते. काडी खोचली की काम तिथल्या तिथे होते, चुकली तर उपटून पुन्हा खोचता येते.

आता एक प्रश्न विचारते. बैलाचा कान शिंगाच्या वर असतो की खाली? ... पाहा, निम्म्या हातांचे म्हणणे वर. मीही वर्गात फळ्यावर बैल काढला होता तो असाच, कान वर आणि शिंगे खाली. पहिल्याच बाकावरचा एक मुलगा, त्याचे आजोबा बैलगाडी हाकीत, उठून म्हणाला, "बाई, असा बैल नसतो." मी त्याला खडू दिला. त्याने कान शिंगाखाली, मागच्या अंगाला काढला, आणि वर मला बजावले की कान वर असता तर शिंग साळताना कापला गेला असता. त्या दिवसापासून मी वर्गात नमुना करून दाखविणे सोडून दिले. नमुना पाहिला की वीस मुले वीस नमुने करतात. त्याऐवजी आम्ही आधी जनावर पाहावयास जात असू. गाय रस्त्यावर बसताना आधी पुढचे पाय दुमडते की मागचे, खार शेपूट कुठे ठेवते, मांजर वळून बसले की तिचा आकार कशासारखा होतो. मग परत येऊन ज्याला जे सुचेल ते त्याने करावे.

मुले काय करतील हे मात्र आपल्या हाती नाही, याची तयारी ठेवावी. आपल्याला हवा असतो मोर, हरीण, सिंह. सिंह त्यांनी पाहिला आहे कुठे? पाहिला तो मोबाइलवर. त्यांच्या रोजच्या ओळखीचे प्राणी म्हणजे कुत्रा, कबुतर, पाल आणि क्षमा करा, झुरळ. माझ्या वर्गातल्या एका मुलीने गुलमोहराच्या शेंगेच्या तुकड्याची आणि निंबाच्या काड्यांची पाल केली आणि घरी नेऊन भिंतीवर टांगली. दुसऱ्या दिवशी तिची आई माझ्याशी भांडावयास आली. मी तिला म्हटले, तुम्ही किंचाळलात ना? मग यापेक्षा मोठे बक्षीस त्या पोरीला कोण देणार?

वयाचा विचार मात्र करावा. तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या हाती लहान बिया देऊ नयेत. नाकात गेलेला वाटाणा ओला होऊन फुगतो आणि मग डॉक्टरांकडे धावावे लागते. आणि हे जरा नीट ऐका. प्राण्याच्या डोळ्यांसाठी सगळ्यांना गुंज आवडते, तांबडी, काळ्या टिपक्याची. ती विषारी आहे. कवच कठीण असल्याने अख्खी गुंज पुष्कळदा पोटातून तशीच निघून जाते, पण चावली गेली, किंवा ओवण्यासाठी सुईने भोक पाडलेले असले, तर आतले विष मोकळे होते. ते जिवावर बेतू शकते. पिवळ्या कण्हेरीच्या बिट्ट्या, कण्हेरीच्या काड्या, एरंडाच्या आणि मोगली एरंडाच्या बिया, धोतरा हे सर्व घरातच आणू नये. मोगली एरंडाच्या बिया गोड लागतात, म्हणून मुले खातात. रुईच्या बोंडातला कापूस मऊ असतो, पण तिचा चीक डोळ्यांत गेला तर फार अपाय होतो. बिब्ब्याने कातडी पोळते, खाजकुइली तर सांगावयासच नको. डोळ्यांना उडीद, मोहरी, काळे मिरे हवे तेवढे आहेत. चुकून एखादे मूल यांतले काही गिळले असे वाटले, तर घरगुती उपाय करीत बसू नका. ती बी सोबत घेऊन सरळ दवाखाना गाठा.

आता सूचना. आपले मंडळ दरवर्षी मुलांच्या हस्तकलेचे प्रदर्शन भरविते आणि तीन बक्षिसे देते. गेली तीन वर्षे परीक्षक म्हणून मीच होते. गेल्या वर्षी पहिल्या क्रमांकाचे कासव मी हातात घेतले तेव्हाच मला कळले होते की ते कोणत्या वयाच्या हाताने केले आहे. करवंटीच्या कडेला काचपेपर फिरविलेला होता. पाच वर्षांचे मूल असे काचपेपर फिरवीत नाही, हे मला कळू नये? तरी मी बक्षीस दिले. कुणाकडे बोट दाखविण्याचा माझा हेतू नाही, आणि दाखवू तरी कोणत्या तोंडाने? माझ्या कपाटात हत्ती होता.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की यंदापासून ही बक्षिसे बंद करावीत. बक्षिसांसाठी जे पैसे वेगळे काढले आहेत त्यांत कुंभाराकडून दोन पोती माती आणावी, आणि मुलांनी प्राणी घरी न करता इथेच, सर्वांदेखत करावेत. काही भगिनी म्हणतील, बक्षीस नसले तर मुले येणार नाहीत. मला वाटते मुले येतील. आयांचे मात्र सांगता येत नाही. दुसरी शंका कपडे मळण्याची. ते मळतील. तिसरी, प्रदर्शनात पाहुण्यांना दाखवावयास चांगले काय राहील? हा प्रश्न खरा आहे आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. कलंडलेले कावळे आणि तीन पायांवर उभी गुरे पाहुण्यांपुढे मांडावयाची आपली तयारी आहे का, एवढेच कार्यकारिणीने ठरवावे.

माझी मुलगी आज इथे आलेली नाही. ती नोकरीच्या गावी असते. पण हे भाषण लिहिताना तिला फोन करून विचारले, तुझी गोष्ट सांगू का सभेत? ती हसली आणि म्हणाली, "सांग. पण चोच चिंचेच्या टरफलाची होती, शेंगदाण्याच्या नव्हे, ते नीट सांग." मी लिहिताना शेंगदाणा लिहिला होता. तो खोडला.

येत्या रविवारी सकाळी आठ वाजता मी देवळामागच्या वडाच्या पारावर बसणार आहे. वडाची पिकली पाने, पारंब्यांचे तुकडे तिथे आहेतच, माती मी आणीन. ज्यांना मुले किंवा नातवंडे पाठवावयाची असतील त्यांनी पाठवावीत. सोबत पिशवी आणि ओला पंचा द्यावा, डिंक देऊ नये. आयांना यावयाचे असेल तर अवश्य यावे. त्यांच्यासाठी मातीचा निराळा गोळा ठेवीन, आणि बसण्याची जागा पाराच्या दुसऱ्या बाजूला.